तीन तारांचा इतिहास : चिंचवडच्या वर्कशॉपमधली हाताने बनवलेली केबल

१/ चिंचवड म्हटले की मोरया गोसावींची समाधी आणि पवनेचा काठ आठवतो. याच गावाच्या औद्योगिक इतिहासाचे एक साधन मात्र बहुधा भंगाराच्या पेटीत सापडेल : संगणक आणि सीएनसी यंत्र यांना जोडणारी, हाताने डाग देऊन तयार केलेली केबल. ती का बनवावी लागे आणि तिच्यातला दोष कसा शोधत, ते पाहू.

२/ १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे टेल्को आणि बजाज यांच्यासारख्या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग घडवणाऱ्या लहान वर्कशॉपची वस्ती वाढली.

३/ आकड्यांच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने दाखवले. त्या आज्ञा भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. पट्टी मागे पडल्यावर तेच काम संगणक आणि तार करू लागले. तारेचा नियम होता आरएस-२३२, प्रथम प्रसिद्ध १९६०.

४/ अडचणीचे मूळ या नियमातच आहे. तो टर्मिनल आणि मोडेम यांच्या जोडणीसाठी लिहिला गेला होता. संगणक आणि यंत्र हे दोघेही स्वतःला टर्मिनलच समजतात. सरळ तार जोडली, तर दोघे एकाच तारेवर बोलतात आणि ऐकणारा कुणीच उरत नाही.

५/ म्हणून बोलण्याची आणि ऐकण्याची तार अदलाबदल करावी लागते. त्यातही एक फसवी गोष्ट आहे. २५ पिनांच्या जोडणीत २ वर बोलणे आणि ३ वर ऐकणे असते; संगणकाच्या ९ पिनांच्या जोडणीत नेमके उलट. त्यामुळे ९ ते २५ अशा केबलमध्ये २ ला २ आणि ३ ला ३ जोडले की अदलाबदल आपोआप होते. सवयीने तारा उलटवणारा येथेच चुकतो. तिसरी तार जमिनीची : ५ ला ७.

६/ काहीच पोहोचत नसेल, तर पहिली परीक्षा मल्टीमीटरची. बोलणारी पिन आणि जमीन यांच्यात, शांत स्थितीत, ऋण ३ ते ऋण १५ व्होल्ट दिसले पाहिजेत. दुसरी परीक्षा : केबलचे टोक यंत्रापासून सोडवून संगणकाच्या २ आणि ३ या तारा तेथे एकत्र जोडाव्यात. टंकलेली अक्षरे पडद्यावर परत आली, तर संगणक आणि त्या दोन तारा निर्दोष.

७/ अक्षरे पोहोचतात पण विद्रूप होऊन? मग बहुधा तार निर्दोष असते; दोन्हीकडचा वेग, बिटांची संख्या किंवा पॅरिटी जुळत नसते. पॅरिटी हा कागदी पट्टीचाच वारसा : आयएसओ संकेतात प्रत्येक ओळीतली भोके सम, ईआयए संकेतात विषम. एक भोक चुकले तर यंत्र थांबे. दोन चुकली तर मात्र चूक लपून जाई. एखादा आकडा बदलला तर टूल थेट जॉबमध्ये घुसू शके. तारेवरही हा धोका तसाच राहिला.

८/ मध्येच थांबते? यंत्राची स्मृती भरली की ते ‘थांब’ असा संकेत पाठवते. संगणकाला तो कळला नाही, तर पुढच्या आज्ञा वाया जातात. शेजारच्या वेल्डिंग संचाचा गोंगाटही तारेत शिरतो. म्हणून जाळीचे आवरण असलेली आणि शक्यतो १५ मीटरच्या आत राहणारी तार वापरत.

९/ १९९० च्या दशकात अमेरिकेतले विद्यार्थी टीआय-८५ हा ग्राफिंग कॅल्क्युलेटर घरी बनवलेल्या केबलने संगणकाला जोडत होते. तेथेही तीनच वाहक : दोन संदेशाचे, एक जमिनीचा. एक बाजू एका तारेचा दाब खाली ओढी, दुसरी बाजू उरलेली तार ओढून पोच देई. विद्युत्‌दाब निराळे, पण दोष शोधण्याचा क्रम तोच : आधी तार, मग वेग, मग परस्परांचा संकेत.

१०/ आज यूएसबी आणि इथरनेटमुळे ही केबल अडगळीत जात आहे. तिच्याबरोबर नियंत्रण कपाटाच्या दाराआड चिकटवलेला, पिनांची जोडणी लिहिलेला कागदही जातो. मित्रहो, तुमच्या घरात कुणी वर्कशॉपमध्ये काम केले असेल, तर त्या कागदाचे छायाचित्र काढून ठेवा आणि त्यांना विचारून तारीख लिहा. ताम्रपट जपतो, तसा हा कागदही जपायला हवा.