द्वंद्वाचा प्रवर्तक : मिश्र युद्धकलांच्या व्यावसायिक इतिहासातील एक प्रश्न

कुस्तीचे मैदान भरविणाऱ्याकडून आखाड्याच्या परंपरेत तीन अपेक्षा केल्या जातात. जोड तोलामोलाची असावी. कुस्ती नुरा नसावी. आणि बोललेले इनाम मल्लाच्या पदरात पडावे. ह्या तीन अपेक्षांत लढतीच्या व्यवसायाचे सारे नीतिशास्त्र सामावलेले आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही. मुष्टियुद्ध, कुस्ती, जुजुत्सु इत्यादी प्रकारांचे मिश्रण होऊन विसाव्या शतकाच्या अखेरीस जो नवा व्यवसाय उदयास आला, त्यातील प्रवर्तकाची, म्हणजे ज्यास व्यवहारात प्रमोटर म्हणतात त्याची, योग्यता ठरविताना हीच कसोटी उपयोगी पडते. अमेरिका व जपान ह्या दोन देशांतील गेल्या तीन दशकांचा इतिहास त्या दृष्टीने बोधप्रद आहे.

ह्या व्यवसायाचा अमेरिकेतील आरंभ १२ नोव्हेंबर १९९३ रोजी कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे झाला. आर्ट डेव्ही ह्या जाहिरातव्यवसायातील गृहस्थाची कल्पना, रोरियन ग्रेसी ह्या ब्राझीलमधून आलेल्या जुजुत्सु-शिक्षकाचे साहाय्य आणि बॉब मायरोविट्झ ह्यांच्या संस्थेची दूरचित्रवाणी-यंत्रणा, ह्या तिहींच्या संयोगातून ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ जन्मास आली. निरनिराळ्या पंथांचे आठ लढवय्ये एकाच रात्री बादपद्धतीने झुंजले. रोरियनचा सडपातळ बंधू रॉयस विजयी झाला व ५०,००० डॉलर्सच्या पारितोषिकाचा मानकरी ठरला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. प्रवर्तकांपैकी एकास आपल्या घराण्याच्या विद्येची श्रेष्ठता सिद्ध करावयाची होती. लढती खऱ्या होत्या, ह्यात संशय नाही. परंतु मैदान भरविणारा आणि मैदानात उतरणारा पक्ष एकाच घरातील होते.

ह्या दुहेरी भूमिकेतील विसंगती लवकरच उघड झाली. ग्रेसी-परंपरेस काळाचे बंधन मान्य नव्हते; प्रतिपक्ष थकेपर्यंत धीराने झुंजणे हेच तिचे बळ होते. डिसेंबर १९९४ मध्ये टल्सा येथे रॉयस ग्रेसी व डॅन सेव्हर्न ह्यांची अंतिम लढत सुमारे सोळा मिनिटे चालली. तेवढ्यात प्रक्षेपणासाठी ठरलेला अवधी संपला आणि पैसे मोजून घरी बसलेल्या अनेक प्रेक्षकांना लढतीचा शेवट दिसलाच नाही. पुढील स्पर्धेपासून, म्हणजे एप्रिल १९९५ पासून, कालमर्यादा लागू झाली व त्याच वर्षी रोरियन ग्रेसी ह्या उपक्रमातून बाहेर पडले. प्रवर्तकास पंथाभिमान परवडत नाही, हा ह्या प्रसंगाचा अर्थ होय.

दुसरे संकट जाहिरातीतून ओढवले. डोळ्यांत बोटे घालणे व चावा घेणे ह्यांस प्रथमपासून मनाई असतानाही ‘येथे नियम नाहीत’ अशी हाकाटी करण्यात आली होती. तिने प्रेक्षक आले, पण विरोधकही आले. १९९६ साली सेनेटर जॉन मकेन ह्यांनी सर्व राज्यांच्या राज्यपालांस पत्रे पाठवून ह्या प्रकारावर बंदी घालण्याचा आग्रह धरला. त्यांनी त्यास माणसांच्या कोंबडझुंजीची उपमा दिली. फेब्रुवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ठरलेली स्पर्धा ऐनवेळी अलाबामातील डोथन ह्या गावी हलवावी लागली. मोठ्या केबल-कंपन्यांनी प्रक्षेपण नाकारले. जी प्रसिद्धी प्रवर्तकांनी स्वतः निर्माण केली, तीच त्यांच्या व्यवसायाच्या मुळावर आली.

मायरोविट्झ ह्यांच्या पदरी एक श्रेय मात्र टाकलेच पाहिजे. त्यांच्याच कारकीर्दीत १९९७ साली वजनगट व हातमोजे आले, डोक्याने धडक देण्यास मनाई झाली, १९९९ मध्ये पाच मिनिटांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि नोव्हेंबर २००० मध्ये न्यू जर्सीच्या क्रीडा-नियंत्रण मंडळाच्या देखरेखीखाली स्पर्धा झाली. एप्रिल २००१ मध्ये त्या राज्यात सिद्ध झालेली एकीकृत नियमावली हीच पुढे सर्वत्र प्रमाण ठरली. परंतु तोवर त्यांचे द्रव्यबळ संपले होते. जानेवारी २००१ मध्ये लोरेंझो व फ्रँक फर्टिटा ह्या बंधूंनी हा उपक्रम वीस लाख डॉलर्सना विकत घेतला व डेना व्हाइट ह्यांस त्याचे अध्यक्ष केले. लोरेंझो हे नेव्हाडा राज्याच्या क्रीडा-आयोगाचे माजी सदस्य होते. पूर्वीचे प्रवर्तक बराच काळ जेथे कायद्याची नजर नाही अशा ठिकाणांच्या शोधात राहिले. नव्यांनी प्रथमपासूनच कायद्याचा आश्रय मागितला. जोड्या लावण्याचे काम जो सिल्व्हा ह्यांच्याकडे दीर्घकाळ राहिले. तरीही आरंभीची वर्षे तोट्याचीच गेली. २००५ साली स्वतःच्या खर्चाने काढलेल्या दूरचित्रवाणी-मालिकेच्या अखेरीस फॉरेस्ट ग्रिफिन व स्टीफन बॉनर ह्यांची जी अटीतटीची झुंज झाली, तिने व्यवसायाचे दैव पालटले.

त्याच काळात जपानमध्ये वेगळा प्रयोग चालू होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये टोकियो येथे आरंभ झालेल्या ‘प्राइड’ ह्या संस्थेने भव्यतेत अमेरिकेस मागे टाकले. मे २००० मध्ये काझुशी साकुराबा व रॉयस ग्रेसी हे नव्वद मिनिटे झुंजले. ऑगस्ट २००२ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय क्रीडागारात दीडशे किलोग्रॅमहून अधिक वजनाचा बॉब सॅप आणि त्याहून कितीतरी हलका आंतोनियो रोद्रिगो नोगेरा ह्यांची गाठ घालण्यात आली. ही जोड तोलाची नव्हती. नोगेराने कौशल्याने ती जिंकली, म्हणून प्रवर्तकाचा दोष झाकला गेला इतकेच. तथापि ‘प्राइड’चा अंत आखाड्यात झाला नाही. संस्थेचे गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध असल्याचे आरोप एका साप्ताहिकाने प्रसिद्ध केल्यानंतर जून २००६ मध्ये फुजी दूरचित्रवाणीने करार संपुष्टात आणला. पुढील वर्षी ती फर्टिटा-बंधूंच्या हाती गेली आणि अल्पावधीत नामशेष झाली. ज्या प्रवर्तकाच्या पाठीशी कोण आहे हे सांगता येत नाही, त्याच्या लढतीच्या खरेपणावरील विश्वासही फार काळ टिकत नाही.

येथवर पाहता अमेरिकन प्रवर्तकांचा विजय निर्विवाद वाटतो. २०१६ साली न्यूयॉर्कनेही बंदी उठविली व त्याच वर्षी वीस लाखांना घेतलेला उपक्रम सुमारे चार अब्ज डॉलर्सना विकला गेला. परंतु तिसरी अपेक्षा अद्याप उरते. डिसेंबर २०१४ मध्ये कुंग ली व इतर लढवय्यांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा दाखल केला. दीर्घ मुदतीचे करार व विजेत्यास बांधून ठेवणारी कलमे ह्यांमुळे आपणांस अन्यत्र भाव मिळू शकला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ह्या दाव्यात उघड झालेल्या हिशेबांवरून लढवय्यांच्या वाट्यास उत्पन्नाचा सुमारे पंचमांशच येत असल्याचे दिसले. अमेरिकेतील प्रमुख सांघिक खेळांत हे प्रमाण जवळजवळ निम्मे असते. ३३ कोटी ५० लाख डॉलर्सची पहिली तडजोड न्यायाधीशांनी २०२४ साली अमान्य केली. ३७ कोटी ५० लाखांची दुसरी फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य झाली. मुष्टियोद्ध्यांच्या रक्षणासाठी २००० साली मुहम्मद अली ह्यांच्या नावाने जो अधिनियम झाला, त्यात आपले उत्पन्न योद्ध्यास कळविण्याचे बंधन प्रवर्तकावर घातले होते; पण त्याची व्याप्ती मुष्टियुद्धापुरतीच ठेवण्यात आली होती.

तात्पर्य, गर्दी जमविणे ही प्रवर्तकाची कला असली तरी तेवढ्याने त्याची योग्यता सिद्ध होत नाही. पहिल्या प्रवर्तकांनी लढतीचा खरेपणा दिला, पण नियमांचे मोल त्यांस उशिरा कळले. ‘प्राइड’ने वैभव दिले, पण विश्वास गमावला. फर्टिटा-बंधू व व्हाइट ह्यांनी नियम, जोड व प्रेक्षक तिन्ही साधले. मात्र ज्याच्या देहावर हा सारा डोलारा उभा राहिला, त्याचा हिशेब न्यायालयात मांडावा लागला. प्रेक्षक जोड पाहतो, शासन नियम पाहते. इनामाचा विचार करणारा तिसरा पाहणारा आखाड्याभोवती सहसा नसतो. म्हणूनच प्रवर्तकाची खरी परीक्षा दिवे मालविल्यानंतर, मल्ल आपला मोबदला मागावयास येतो तेव्हा होते.