डोंगराचा दर कसा ठरवायचा?

रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचे डोंगर वरून जांभ्याचे दिसतात. पोटात काय आहे, ते मात्र खोदल्यावरच कळतं. कोकणात रेल्वे आणणाऱ्यांना काम ठेक्याने देताना हाच प्रश्न पडला: दर नेमका कशाचा मागायचा?

डोंगरातल्या ठेक्यांची अडचण जुनीच. मुंबई-पुणे मार्गावरच्या बोरघाटाच्या रेल्वेकामाचा ठेका फेव्हिएल यांनी १८५५ मध्ये घेतला आणि १८५९ मध्ये सोडून दिला. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारले. मग त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी अभियंत्यांच्या मदतीने ते काम तडीस नेलं. १८६३ मध्ये घाट खुला झाला, बोगदे पंचवीस.

कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं, प्रमुख होते ई. श्रीधरन. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा. पण खरी कसोटी कातळाने नाही, मऊ मातीने घेतली. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात ती पुन्हापुन्हा ढासळत होती. सुरुंग लावण्याचं काम आणि ढासळती माती थोपवण्याचं काम यांचा दर एक असूच शकत नाही. म्हणूनच निविदेत नुसतं ‘बोगदा खणणे’ लिहून भागत नाही. जमीन कशी निघाली तर काय करायचं, पाणी कोणी उपसायचं, वाढीव काम कसं मोजायचं, हे आधी लिहावं लागतं. नाहीतर सर्वांत स्वस्त दर देणारा बहुधा सर्वांत कमी काम गृहीत धरून बसलेला असतो!

२६ जानेवारी १९९८ रोजी रोहा ते मंगळुरू हा कोकण रेल्वेचा मार्ग पूर्णपणे सुरू झाला.