आवाज फिरतो, नाव कुठे राहतं?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत हळद म्हटली की आता डीजे आलाच. त्याच मांडवात धवलारीण धवले गाते. तिचे दोन शब्द तिथल्या तिथे भरून घ्यायचे आणि त्यावर ठेका चढवायचा, हे आताच्या मशीनला अवघड नाही. बचत गटांच्या बैठकांत आम्ही हिशोबाबद्दल बोलतो. आज आवाजाच्या हिशोबाबद्दल बोलू.

बाजारात वानगीला मूठभर तांदूळ घेतात, तसा हा आवाजाचा तुकडा. त्याला म्हणतात सॅम्पल. बोट दाबलं की तो वाजतो. मशीन तो उंच करतं, खाली आणतं, लांबवतं, घुमवतं. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवला की झाला लूप. जात्याची फेरी जशी फिरून तिथेच येते, तसाच.

याची सुरुवात जुनी आहे. १९४८ मध्ये पॅरिसच्या रेडिओत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी रेल्वेचे आवाज भरून घेतले आणि त्या तुकड्यांची रचना केली. पुढे टेप आली. टेप कापून तिची टोकं जोडली की आवाज गोल फिरू लागे. आपल्या देशात १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. पखवाज शिकलेल्या गीता साराभाई यांनीही तिथे रचना केल्या. म्हणजे या कामात बाई पहिल्यापासून आहे. १९८५ मध्ये जपानच्या रोलँड कंपनीचा ऑक्टापॅड आला. आठ चौकोन, प्रत्येकावर वेगळा आवाज. तो आपल्या ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत कधी रुळला, कळलंही नाही.

आता मुद्द्याचं. तेराव्या शतकातल्या महदंबेचे धवळे आजही तिच्या नावाने ओळखले जातात, कारण ते लिहून ठेवले गेले. पण तिच्यानंतर मांडवामांडवात गाणाऱ्या किती बायकांची नावं आपल्याला माहीत आहेत? जात्यावरच्या ओव्यांचंही तेच झालं असतं. पण हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायकांबरोबर एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार बेल यांनी त्यातल्या कित्येक ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ओव्या गाणारीचं नाव आणि गाव लिहून ऐकवल्या जातात. काम असंही करता येतं.

धवले कुणा एकीचे नाहीत, परंपरेचे आहेत. पण गाणारा गळा एकीचाच असतो, आणि कायदा तो गळा ओळखतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे हक्क नीट मांडले गेले. धंद्यासाठी आपलं गाणं भरून घ्यायचं तर आपली परवानगी लागते. हा हक्क ५० वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने गाणारीला आपलं नाव लावून घ्यायचा हक्कही दिला. तिथे शिक्षण विचारत नाहीत.

आमचा डीजेला विरोध नाही. आपल्या आजीचा आवाज नातवाच्या मशीनवर वाजला तर तो पुढे जाईल, ही आनंदाचीच गोष्ट आहे. फक्त चार गोष्टी ठरवून घ्या. भरून घेण्याआधी विचारू द्या. कुठे वाजणार ते सांगू द्या. पैसे मिळणार असतील तर आपला वाटा आधी बोला. आणि सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर गटात आणा.

अजून एक युक्ती. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांनी तबकडीसाठी गाणं म्हटलं, तेव्हा शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलं. तबकड्या जर्मनीत बनत, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावं म्हणून. आपणही तसंच करूया. गाणं संपलं की मशीन बंद व्हायच्या आत आपलं नाव सांगा, गाव सांगा.