ब्रेकर आधी कुठला पडला? उत्तर घड्याळाच्या हाती

रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वीजवाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे देशाच्या जाळ्याशी एक झाले. या वाहिनीचे एक टोक कर्नाटकात, दुसरे महाराष्ट्रात. रायचूर बेंगळुरूच्या प्रादेशिक भार प्रेषण केंद्राखाली येते, सोलापूर मुंबईच्या. अशा वाहिनीवर बिघाड झाला की नोंद दोन्हीकडे होते. आधी कोणता ब्रेकर उघडला, हे ठरवायचे तर दोन्ही उपकेंद्रांची घड्याळे मिलिसेकंदापर्यंत जुळलेली हवीत.

घड्याळ चुकते का?

उपकरणातले घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकावर चालते. त्यात दहा लाखांत २० भागांचा फरक असला, तरी दिवसाला पावणेदोन सेकंद इकडेतिकडे होतात. मोठ्या वाहिनीवरचा बिघाड मात्र सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात तोडला जातो. म्हणजे घड्याळ एकदा लावून भागत नाही, ते सतत जुळवावे लागते.

वेळ पोचते कशी?

उपकेंद्रात जीपीएस रिसीव्हर असतो. तिथून इरिग-बी केबलने किंवा नेटवर्कवर एनटीपी, पीटीपी या पद्धतींनी वेळ रिलेंपर्यंत जाते. एनटीपीने साधारण मिलिसेकंदाची अचूकता मिळते, पीटीपीने मायक्रोसेकंदाची. रिसीव्हर नसेल तर नियंत्रण कक्षातला संगणकच आरटीयूला, म्हणजे उपकेंद्राची माहिती पाठवणाऱ्या संचाला, वेळ कळवतो. आयईसी ६०८७०-५-१०४ मध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा आहे आणि वेळ सात बाइटमध्ये जाते.

अडचण वाटेतल्या उशिराची. संदेश पोचायला तीन सेकंद लागले तर घड्याळही तीन सेकंद मागे लागणार. म्हणून डीएनपी३ मध्ये सीरियल जोडणीवर आधी उशीर मोजतात. संदेश जाऊन यायला लागलेल्या वेळेतून आरटीयूने स्वतः घेतलेला वेळ वजा करायचा आणि उरलेल्याचा निम्मा धरायचा. जायचा आणि यायचा उशीर सारखा नसेल, तर हा हिशेबही चुकतो.

नेहमीच्या चुका

एकाच आरटीयूला दोन नियंत्रण कक्ष वेळ देत असतील आणि त्यांच्यातच फरक असेल, तर घड्याळ मागेपुढे उड्या मारते. मग नंतरची घटना यादीत आधी दिसते. वेळ देण्याचा अधिकार एकालाच ठेवावा. दुसरी चूक साडेपाच तासांची. डीएनपी३ मध्ये १ जानेवारी २००८ पासून जागतिक वेळ, यूटीसी, ठरलेली आहे; एका बाजूने भारतीय वेळ भरली की नोंदी जुळत नाहीत. तिसरी चूक म्हणजे इशाऱ्याकडे काणाडोळा. आरटीयू पुन्हा सुरू झाला की ‘वेळ हवी’ असा बिट वर करतो. १०४ मध्ये अविश्वसनीय वेळेवर ‘अवैध’ अशी खूण असते. सॉफ्टवेअरने ती टाकून दिली, तर चुकीची वेळ खरी म्हणून साठवली जाते.

किंमत काय?

१४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारियो अंधारात गेला. सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. चौकशीत अनेक नोंदींच्या वेळा एकमेकींशी जुळेनात, कारण काही घड्याळे प्रमाणवेळेला लावलेलीच नव्हती. घटनाक्रम लावण्यातच तपासाचा बराच वेळ गेला. वेळ जुळवलेली नोंदयंत्रे सक्तीची करा, अशी शिफारस त्या अहवालात आहे.

इथे चुकीची वेळ तक्रार न करता साठत राहते आणि बिघाडाच्या दिवशीच उघडी पडते. म्हणून दोन्ही टोकांच्या घड्याळांतला फरक बिघाड नसतानाच तपासून ठेवावा लागतो.