‘वसई पडली नसती तर…’

* वालीवपासून वसईचा किल्ला काही कोसांवरच. म्हणून लेखकाचा हा ‘जर’ इथल्या वाचकाला परका नाही. मोहीम मार्च १७३७ मध्ये सुरू झाली, किल्ला मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या हाती आला. निकाल शेवटपर्यंत अधांतरी होता : उशिरा उडालेल्या सुरुंगात मराठ्यांचीच माणसे दगावली. शिवाय रणात जिंकलेले तहात टिकेलच असे नसते : रशिया–तुर्क युद्धही १७३९ मध्येच संपले. रशियाने १७३६ मध्ये अझोव्ह जिंकले होते; पण निशच्या तहात तिथली तटबंदी पाडणे आणि काळ्या समुद्रात जहाजे न ठेवणे त्याला मान्य करावे लागले. रणात कमावलेले तहात गेले. वसईत मात्र फिरंग्यांना सामानसुमानासह जाऊ देऊनही किल्ला मराठ्यांकडेच राहिला. — सं.