लहान तळं, मोठा मासा

लहानशा तळ्यात मोठा मासा गळाला लागला, तर आपण म्हणतो, नशीब! अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मात्र एका शास्त्रज्ञानं या नशिबाचा चक्क हिशेब मांडला. त्याची ही हकीकत.

१९३० नंतरची ती वर्षं तिथल्या शेतकऱ्याला फार कठीण गेली. सतत कापूस घेऊन जमिनी झिजलेल्या, त्यात भाव कोसळलेले. जनावरांच्या पाण्यासाठी लोक ओहोळाला बांध घालून तळी करू लागले. त्यांत बॅस नावाचा शिकारी मासा आणि त्याला खाद्य म्हणून ब्लूगिल हा चपटा मासा सोडत. पण झालं काय, की थोड्याच वर्षांत तळं बोटभर माशांनी भरून जाई. ताटात वाढावा असा मासा मिळेना.

ऑबर्नच्या कृषी संशोधन केंद्रातल्या होमर स्विंगल यांनी तळी रिकामी करून एकूण एक मासा मोजला, तोलला. तेव्हा उमगलं, की तळ्याचं पोट ठरलेलं असतं. ते जेवढं वजन पोसतं तेवढंच पोसतं. मग ते पुष्कळ बारक्यांत वाटलं जावो, की थोड्या मोठ्यांत. लोक हौसेनं बॅस आधी पकडत. शिकारी कमी झाला, की ब्लूगिल बेसुमार वाढत, उपाशी राहत, बॅसची अंडीही फस्त करीत. स्विंगल आणि ई. व्ही. स्मिथ यांनी १९४२ साली शेततळ्यांवर पुस्तिका काढली. शिकवण साधी होती: बॅसची एक वीण होऊ द्या, मग गळ टाका, आणि ब्लूगिलही भरपूर काढा.

आता शरद ऋतूचं बघा. तिकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाणी निवतं, पाणगवत विरळ होतं, बारक्या माशांचा आडोसा जातो. थंडीआधी पोट भरून घ्यायला बॅस उथळ काठाशी येतो. जाणते लोक तिथंच आमिष फिरवतात. पण मोठा बॅस तळ्यात असेल तरच तो लागणार ना! बारके बॅसच फार झाले असतील, तर आधी तेच काढून खावेत. उरलेले जोमानं वाढतात.

बॅस आपल्याकडचा मासा नव्हे, आणि आणून सोडूही नये. परका शिकारी आपल्या ओढ्यांतले मासे संपवील. हिशेब मात्र आपल्या शेततळ्यालाही लागू आहे. गुरुजी, वर्गात एवढं गणित घाला: तळं १०० किलो मासा पोसतं. मासे १००० असले तर एकेक केवढा? आणि २०० असले तर?