अंगालगतचें वस्त्र

दौलताबादचा घाट चढून वर आलें कीं थोड्याच वेळांत खुलताबादचा तट दिसूं लागतो. वेरूळचीं लेणीं येथून जवळच असल्यामुळें बहुतेक प्रवासी या गांवीं घटकाभरच थांबतात. औरंगजेबाची साधी कबर पाहावी, भद्रा मारुतीचें दर्शन घ्यावें आणि पुढें निघावें, असा त्यांचा क्रम असतो. वस्त्रांचा इतिहास ज्याला पाहावयाचा असेल त्यानें मात्र येथें थोडें अधिक रेंगाळावें. माणसाच्या अंगाला प्रत्यक्ष कोणता कपडा लागावा, हा प्रश्न या गांवांत निजलेल्या मंडळींनीं आणि या परिसरांतील विणकरांनीं मोठ्या गंभीरपणें विचारांत घेतला होता.

हा प्रश्न आतां जुना झाला, असें कोणी समजूं नये. बर्फ हा एके काळीं मराठी कुटुंबाच्या दृष्टीनें भूगोलाच्या पुस्तकांतील विषय होता. १९२७ सालीं ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं गुलमर्ग येथें स्की खेळण्यासाठीं क्लब काढला, तेव्हां पुण्यामुंबईच्या सामान्य गृहस्थास त्याची गंधवार्ताहि नसावी. आज गुलमर्ग, मनालीजवळचें सोलंग, गढवालांतील औली येथें मराठी आईबाप मुलांना घेऊन जातात. आणि नॉर्वे, स्वित्झर्लंड, कॅनडा अशा देशांत स्थायिक झालेल्या घरांतील मुलें तर नीट बोलूं लागण्याच्या सुमारासच पायांस लांब फळ्या बांधून बर्फावरून घसरूं लागतात. प्रवासाची तयारी सुरू झाली कीं घरांत धांदल उडते. जाड कोट, कानटोपी, हातमोजे, सर्व कांहीं नवें येतें. बाहेरच्या कोटाची चौकशी चार दुकानांत होते. आंतल्या कपड्याची एकाहि दुकानांत होत नाहीं. या साऱ्या सरंजामाच्या आंत, मुलाच्या अंगाला लागून, नेहमींचा सुती गंजीफ्रॉक तसाच राहतो. सूत मऊ, स्वच्छ आणि कोवळ्या कातडीला मानवणारें, ही आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत आहे. दख्खनमध्यें ती खरी आहे. बर्फांत ती धोक्याची ठरते. असें कां व्हावें, हें समजून घेण्यास खुलताबादची वाट फार सोयीची आहे.

चौदाव्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे शिष्य दक्षिणेंत आले. त्यांपैकीं मुंतजबुद्दीन, ज्यांस लोक जर जरी जर बक्ष या नांवानें ओळखतात, ते १३०९ सालीं निवर्तले. बुऱ्हानुद्दीन गरीब १३३७ सालीं. दोघांचेहि दर्गे येथेंच आहेत. सूफी हा शब्द अरबी 'सूफ' म्हणजे लोंकर यावरून आला, असें बहुतेक पंडित मानतात. दरबारी रेशमाकडे पाठ फिरविलेल्या विरक्तांनीं जाडीभरडी लोंकर अंगीकारली, आणि लोकांनीं त्यांना वस्त्रावरून नांव दिलें. ही लोंकर उबेसाठीं घातलेली नव्हती. ती टोंचत असे, आणि टोंचावी म्हणूनच ती घालावयाची. आपल्या धनगराला हा गुण पक्का ठाऊक असतो. तो घोंगडी सदऱ्यावरून पांघरतो, उघड्या अंगावर घेण्याची हौस बाळगीत नाहीं. गुरूनें आपला अंगरखा शिष्यास देणें हा सूफींच्या परंपरेंत अधिकार देण्याचा विधि होय. आणि झैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्यांत प्रत्यक्ष पैगंबरांचा म्हणून मानलेला झगा जतन केलेला असून तो वर्षांतून एकदां दर्शनासाठीं काढतात. अंगाला लागलेलें वस्त्र म्हणजे केवळ कापड नव्हे, ही भावना त्यामागें आहे.

आतां विणकरांकडे वळूं. १३२७ सालीं महंमद तुघलकानें आपली राजधानी देवगिरीस नेली आणि तिला दौलताबाद नांव दिलें. त्याच्या लवाजम्याबरोबर आलेल्या कारागिरांमुळें हिमरू आणि मशरू या कापडांचा धंदा या भागांत रुजला, असें परंपरा सांगते. पुढें १६१० सालीं मलिक अंबरानें वसविलेल्या खडकीचें औरंगाबाद झालें, आणि अलीकडे छत्रपति संभाजीनगर. या शहरांत तो धंदा थोड्या घरांतून अजून तग धरून आहे. यांपैकीं मशरूची कथा येथें मुद्दाम सांगण्यासारखी आहे. इस्लामी धर्मशास्त्रानें पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य केलेलें. परंतु अमीरउमरावांना रेशमाचा मोह तर सोडवत नसे. विणकरानें यांतून वाट काढली. ताणा रेशमाचा घेतला, बाणा सुताचा घेतला, आणि वीण अशी योजिली कीं कापडाच्या वरच्या बाजूस रेशीमच रेशीम चमकावें व खालच्या बाजूस सूत राहावें. पाहणाराच्या डोळ्यांना रेशीम, नेसणाराच्या कातडीला सूत! मशरू म्हणजे शास्त्रास संमत असलेलें. एकाच कापडाला दोन तोंडें असतात, एक जगाकडे व एक अंगाकडे, आणि दोन्हींची कामें निरनिराळीं असतात, हें इतक्या उघडपणें सांगणारें दुसरें कापड सहसा आढळावयाचें नाहीं.

हिमरूचा प्रकार थोडा वेगळा. तो किनखापाचा स्वस्त भाऊ. सुताच्या ताण्यावर रेशमाचीं वेलबुट्टीचीं नक्षी उठविलेली असते, आणि जेथें नक्षीचा धागा वर लागत नाहीं तेथें तो पाठीमागें सैल सुटलेला राहतो. उलट बाजूनें पाहिल्यास या सैल धाग्यांचा एक मऊ थरच तयार झालेला दिसतो. त्या थरांत हवा अडकते. हिमरूची शेरवानी हिंवाळ्यांत उबदार लागते याचें मर्म त्या पाठीमागच्या गबाळ्या दिसणाऱ्या धाग्यांत आहे, पुढच्या वेलबुट्टींत नाहीं. जुन्या पद्धतीच्या मागावर नक्षीच्या दोऱ्या ओढण्यास वर एक पोरगा बसविलेला असे. त्याच्या स्वतःच्या अंगावर हिमरू बहुधा कधींच चढला नसेल.

औरंगजेबाचें उदाहरण याच ओळींत बसतें. १७०७ सालीं तो अहमदनगरास वारला व त्याचें शव येथें आणून झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारांत पुरलें. टोप्या शिवून मिळविलेल्या पैशांपैकीं उरलेले ४ रुपये २ आणे आपल्या कफनाकडे खर्चावे, असें त्याच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या मृत्युपत्रांत आहे. हिंदुस्थानच्या बादशहाच्या शेवटच्या वस्त्रासाठीं राखलेल्या त्या रकमेंत रेशमाला जागा नव्हती.

आपल्या घरांतील लहान मुलांच्या बाबतींत मात्र असा धर्मशास्त्राचा किंवा वैराग्याचा प्रश्न कधीं आला नाहीं. आजीचें लुगडें किंवा आजोबांचें धोतर धुवून धुवून पुरतें मऊ झालें कीं त्याचीं झबलीं व दुपटीं निघत. बाळंतविड्यांतील अंगडें, टोपडें, कुंची हीं सारीं सुतीच. आणि थंडी वाढली तर वरून गोधडी. गोधडी ही सुताचीच, पण थरावर थर टांचलेली. म्हणजे तींतहि हवा अडकवून ठेवण्याचीच युक्ति. ही व्यवस्था कांहीं अडाणीपणाची नव्हती. खुलताबादच्या पठारावर पौष महिन्यांत पहांटे चांगली हुडहुडी भरते. परंतु दुपारीं ऊन पडतें, हवा कोरडी असते, आणि अंगांतलें सूत घामानें भिजलें तरी वाळून जातें. सुताचा दोष दिसून येण्यासारखी परिस्थितीच येथें उत्पन्न होत नाहीं.

तो दोष प्रयोगानें दाखविला युरोपांतील एका विक्षिप्त बुद्धिमंतानें. बेंजामिन थॉम्सन हा जन्मानें अमेरिकन, पुढें बव्हेरियाच्या इलेक्टराच्या नोकरींत गेला व काउंट रमफर्ड या नांवानें प्रसिद्ध झाला. सैनिकांना कपडे कसे द्यावे, या व्यावहारिक विवंचनेंतून तो उष्णतेच्या अभ्यासाकडे वळला. १७८७ सालीं त्यानें लोंकर, सूत, ताग, रेशीम इत्यादि पदार्थ कोरड्या खोलींत व मग दमट तळघरांत ठेवून त्यांचीं वजनें केलीं. पाण्यांत बुडविलेलें सूत झटकन् भिजतें, म्हणून हवेंतील ओलहि तेंच अधिक शोषील असें कोणालाहि वाटेल. निष्पन्न झालें उलटेंच. सर्वांत अधिक ओल लोंकरीनें घेतली. यावरून त्यानें अंगालगत फ्लॅनेल घालण्याचा पुरस्कार केला. पुढें १७९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्यानें असें दाखविलें कीं, कपड्याची ऊब ही धाग्यांत नसून धाग्यांनीं अडकवून ठेवलेल्या हवेंत असते. हिमरूच्या पाठीवरील सैल धागे हेंच काम चारशें वर्षें मुकाट्यानें करीत होते. त्यांना प्रबंध लिहितां येत नव्हता इतकेंच.

रमफर्डनंतर सुमारें शंभर वर्षांनीं स्टुटगार्टच्या डॉक्टर गुस्ताव्ह येगर यांनीं लोंकरीचा जवळ जवळ पंथच स्थापन केला. माणसानें नखशिखांत लोंकर घालावी, वनस्पतींपासून झालेलें कापड अंगाला शिवूं देऊं नये, असें त्यांचें मत. आणि १८८४ सालीं लंडनमध्यें त्यांच्या नांवाचें दुकानहि निघालें. त्यांच्या उपपत्तींतील पुष्कळसा भाग आज कोणी मानीत नाहीं. अंगालगत लोंकर हा भाग तेवढा टिकला, आणि तो टिकण्याचें कारण मेंढीच्या जातींत आहे. कातडीला टोंचतें तें लोंकरपण नव्हे, धाग्याची जाडी होय. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोन. सुमारें ३० मायक्रोनहून जाड धाग्याचीं टोंकें न वांकतां कातडींत रुततात. मेरिनो मेंढीची बारीक लोंकर १७ ते १९ मायक्रोनची, तिचीं टोंकें वांकून जातात. ही मेंढी मूळची स्पेनची. तिची निर्यात त्या देशानें दीर्घकाळ रोखून धरली होती. अठराव्या शतकांत ती सॅक्सनींत व त्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियांत पोंचली. सूफींची लोंकर आणि आजच्या मुलाची लोंकर यांत फरक आहे तो एवढाच, पण तो सर्वस्वीं महत्त्वाचा आहे.

आतां बर्फावरील मुलाकडे पाहावें. तें पडतें, उठतें, चढण चढतें, पुन्हां घसरतें. दहा मिनिटांत जाड कोटाच्या आंत घामाघूम होतें. मग वर नेणाऱ्या पाळण्यांत वाऱ्यावर निश्चल बसतें. सुती गंजीफ्रॉक तो घाम पिऊन बसलेला असतो आणि बंद कोटाच्या आंत तो वाळत नाहीं. स्थिर हवेपेक्षां पाणी उष्णता सुमारें पंचवीस पटींनीं अधिक वेगानें वाहून नेतें. म्हणजे मघांपर्यंत जें कापड ऊब राखीत होतें तेंच आतां ती ओढून घेऊं लागतें. लोंकर आपल्या वजनाच्या जवळ जवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ धाग्याच्या पोटांत घेते, तरी अंगाला ओलसर लागत नाहीं, आणि ओल घेतांना स्वतः किंचित् उष्णताहि सोडते. १९४१ सालीं इंग्लंडांत शोधलेल्या पॉलिएस्टरची रीत निराळी. तो धागा पाणी पोटांत घेतच नाहीं, त्यामुळें लवकर वाळतो. तो स्वस्त आहे व धुण्यास सोपा आहे. वास मात्र लवकर धरतो. रेशीमहि पातळ असून उबदार आहे. १९२४ सालीं एव्हरेस्टवर नाहींसा झालेल्या मॅलरीचें शव १९९९ सालीं सांपडलें, तेव्हां त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोंकर यांचे एकावर एक थर होते.

मोठ्या माणसाला थंडी वाजली तर तो बोलतो. मुलाचें तसें नाहीं. वजनाच्या मानानें त्याच्या शरीराचा पृष्ठभाग अधिक, म्हणून ऊबहि अधिक लौकर जाते. आणि खेळण्याच्या नादांत तें तोंडांतून शब्द काढीत नाहीं. रडूं लागतें तेव्हां ओठ निळे पडलेले असतात. म्हणून आईनें किंवा बापानें अधूनमधून हातमोजा काढून मुलाच्या मानेमागें, कॉलरच्या आंत, बोटें घालून पाहावीं. मान उबदार व कोरडी लागली तर ठीक. घामट लागली तर एक थर कमी करावा. गार लागली तर खेळ थांबवून आंत न्यावें. हातपाय थंड लागले एवढ्यावरून मात्र कांहीं ठरवूं नये.

आंतला कपडा पातळच असावा. जाडी वरच्या थरांत असूं द्यावी. मापाच्या बाबतींत आपली काटकसर आड येते. पुढच्या वर्षीं येईल म्हणून एक माप मोठें घेण्याची चाल बाहेरच्या कोटाला चालते, अंगालगतच्या कपड्याला चालत नाहीं. सैल कपडा अंगापासून सुटला कीं घाम अंगावरच राहतो, आणि मध्यें थंड वारा खेळतो. आंवळून बसणारा कपडाहि नको. सदरा विजारींत खोंचण्याइतका लांब असावा. विजार बुटाच्या तोंडापाशीं संपावी, तिच्या घड्या मोज्यावर येऊं नयेत, नाहींतर पोटरीला वळ उठतात. मोजा एकच, दोन मोजे घातल्यानें बूट आवळतो आणि पाय अधिकच गारठतो. चांगल्या लोंकरीच्या कपड्याची किंमत थोडी नसते, हें खरें. पण मूल वाढतें तेव्हां तो मावसभावाला जातो, मग धाकट्या आत्येबहिणीला. बाळंतविड्याचे कपडे आपल्याकडे असेच घरोघर फिरत असत.

धुण्याला कोमट पाणी व सौम्य साबण पुरे. पिळूं नये, टॉवेलांत गुंडाळून दाबावें व सपाट पसरावें. मुक्कामाच्या जागीं संध्याकाळीं कपडा उतरवला कीं प्रथम तो उलटा करावा, आणि दुसऱ्या सकाळीं हात लावून ती आंतली बाजू कोरडी असल्याची खात्री झाल्यावरच मुलाच्या अंगांत घालावा. ती ओलसर असेल तर दुसरा जोड काढावा.